बिलिंग बंद पडलं, पायथन चालेना, बहिणीचं जावा अडकलं: दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर हे सगळं कसं बसवायचं?

दुधनाकाठ:
नमस्कार मंडळी. लै अडचणीत आहे म्हणून लिहायलोय. थोडं लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाच परत परत विचारावं लागेल म्हणून सगळंच सांगतो.

मानवतला आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडील बघतात. दुकानात कॉम्प्युटर एकच, आय थ्री चौथ्या पिढीतला, ८ जीबी रॅम, विंडोज १० चौसष्ट बिट. दिवसा त्याच्यावर बियाणं-खताची बिलं होतात, सॉफ्टवेअर जुनं आहे, ज्यांनी करून दिलं होतं त्यांनी तो धंदाच सोडला, आता फोनही लागत नाही. रात्री शटर खाली ओढलं की मी आणि बहीण त्याच्यावर बसतो. माझं एमएस्सीचं प्रोजेक्ट पावसावर आहे, म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा झाला, अतिवृष्टीचे दिवस कुठं वाढले, असं. ते सगळं पायथनमध्ये. बहीण बीसीएला, तिला जावा लागतं. शिवाय काकांचं ई-टेंडरचं डिजिटल सिग्नेचरचं काम ह्याच मशीनवर होतं, त्यासाठी कुणीतरी जावा ८ टाकून ठेवलेलं आहे.

झालं असं की मी परवा रात्री पायथन ३.१३ टाकलं आणि गाईड सरांनी दिलेल्या यादीतली पॅकेजेस, म्हणजे तयार कोडची पुडकी, पिप नावाच्या पायथनच्या इन्स्टॉलरनं टाकायला गेलो, त्यात आकडेवारीचं पांडाज १.५.३ आहे. अर्धा तास काहीतरी करत बसलं आणि शेवटी लाल अक्षरात एरर, मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा वरचं पाहिजे म्हणून. मी कंट्रोल पॅनेल उघडून बघितलं तर तिथं व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८, २०१०, २०१३ अशा सात-आठ एंट्र्या, एकेक दोन-दोनदा. मला वाटलं जुना कचरा साठलाय आणि त्याच्यामुळंच नवीन बसेना गेलंय. सगळ्या काढून टाकल्या आणि सगळ्यात नवीन चौसष्ट बिटवालं एक टाकलं. पिपचा एरर तसाच.

सकाळी वडिलांनी दुकान उघडलं तर बिलिंग चालूच होईना. एमएसव्हीसीआर१०० डॉट डीएलएल ही लायब्ररीची फाईल सापडत नाही म्हणायलं. मी घाईघाईत एका साइटवरून ती फाईल उतरवली आणि सिस्टिम३२ मध्येही टाकली, बिलिंगच्या फोल्डरमध्येही टाकली. आता एरर बदललाय, शून्य एक्स सी ०००००७ बी असा नंबर येतो आणि प्रोग्राम बंद.

वडील काही बोलले नाहीत, हातानं बिलं फाडायलेत. पण मृगाला पंधरा दिवस राहिलेत, एकदा पाऊस पडला की दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा हातानं भागणार नाही. स्टॉकही सगळा त्यातच आहे. आधी बिलिंग चालू झालं पाहिजे, माझं प्रोजेक्ट नंतर. कुणाला माहीत असेल तर सांगा.

उदगीर_लॅब:
भाऊ, घाबरू नका. तुमचा डेटा कुठं गेला नाही, प्रोग्रामही शाबूत आहे, फक्त तो ज्याच्यावर उभा होता ते खालचं फळकूट निघालंय. मी कॉलेजच्या लॅबला आहे, हा प्रकार वर्षातून दोनदा तरी बघूलालो.

आधी काय झालं ते समजून घ्या, म्हणजे परत होणार नाही. प्रोग्राम लिहिणारा सगळंच स्वतः लिहीत नाही, नेहमी लागणारी कामं तयार लायब्रऱ्यांकडून करून घेतो आणि त्या लायब्रऱ्या मशीनवर वेगळ्या बसवाव्या लागतात. त्याला रनटाइम म्हणतात. तुमचं बिलिंग व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० मध्ये तयार झालेलं दिसतंय, कारण फाईलच्या नावातलं १०० म्हणजे व्हर्जन १०, म्हणजे २०१०. ११० असतं तर २०१२, १२० असतं तर २०१३. ह्या प्रत्येक पिढीचा संच वेगळा, २०१३ चा बसवला म्हणून २०१० वाला प्रोग्राम चालत नाही. २०१५ पासून पुढं मात्र २०१७, २०१९, २०२२ सगळे एकाच १४ नंबरच्या घराण्यातले, तिथं एकच नवीन पॅकेज पुरतं. म्हणजे तुम्ही कचरा म्हणून जे काढलं तो कचरा नव्हता, प्रत्येक एंट्रीवर कुठलातरी प्रोग्राम अवलंबून होता. आणि दोन-दोनदा दिसत होतं ते डुप्लिकेट नव्हे, एक बत्तीस बिटचं आणि एक चौसष्ट बिटचं. नाव नीट वाचलं तर शेवटी एक्स८६ नाहीतर एक्स६४ लिहिलेलं असतं.

आता तो दुसरा एरर. बिलिंग जुनं आहे म्हणजे नक्की बत्तीस बिटचं असणार, प्रोग्राम फाइल्स एक्स८६ नावाच्या फोल्डरात आहे का बघा. तुम्ही साइटवरून आणलेली फाईल चौसष्ट बिटची निघाली आणि ती प्रोग्रामच्या शेजारीच ठेवली, त्यामुळं त्यानं आधी तीच उचलली आणि ती त्याला चालणारी नाही. फाईल सापडली पण जात वेगळी, एवढाच त्या नंबरचा अर्थ. सिस्टिम३२ चा तर सगळ्यांचाच घोटाळा होतो, नावात ३२ आहे पण चौसष्ट बिट विंडोजमध्ये त्या फोल्डरात चौसष्ट बिटच्या फाइल्स असतात आणि बत्तीस बिटच्या एसवायएस-डब्ल्यूओडब्ल्यू-६४ मध्ये. नाव आणि काम उलटं आहे, ते तसंच चालत आलंय.

तर करायचं असं. बिलिंगच्या फोल्डरातून तुम्ही टाकलेली ती डीएलएल काढा, सिस्टिम३२ मध्ये टाकलेलीही काढा. ही पायरी सोडू नका, कारण खरा इन्स्टॉलर चालवताना तिथं त्याच व्हर्जनची फाईल आधीच दिसली तर तो ती तशीच ठेवू शकतो आणि तुम्हाला वाटेल बसवूनही काही झालं नाही. मग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० सर्व्हिस पॅक १ चं रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही. त्याचा सपोर्ट जुलै २०२० मध्येच संपलाय पण बसवायला अडचण नाही. मशीन रीस्टार्ट करा, बिलिंग चालू करून बघा. चालू झालं की २००८, २०१३ आणि नवीन १४ वाल्याचं एक्स८६, तेही टाकून ठेवा, कारण अजून कोण अडकलंय ते आज दिसणार नाही, प्रिंट काढताना नाहीतर रिपोर्ट काढताना दिसेल.

आणि हात जोडून सांगतो, डीएलएल विकत-फुकट देणाऱ्या साइटवरून फाईल घेऊ नका. ती कुणी बनवली, आत काय घातलंय काही कळत नाही, आणि तुमच्या मशीनवर काकांच्या डिजिटल सिग्नेचरचं काम होतं. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन आज रात्री लावूनच झोपा.

सेवा_जालना:
इतकं करत बसण्यापेक्षा फॉर्मॅट मारा आणि विंडोज ११ टाकून घ्या, दोन तासांचं काम. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुन्या मशीनवर सतराशे साठ गोष्टी एकमेकांत अडकलेल्या असतात, स्वच्छ केलेलं बरं.

उदगीर_लॅब:
दादा, तुमचा मुद्दा एरवी बरोबर आहे पण इथं नाही. बिलिंगवाल्याचा फोन लागत नाही, म्हणजे इन्स्टॉलर आणि लायसन्सची की त्यांच्याकडं आहे का तेच माहीत नाही. फॉर्मॅट मारल्यावर ते परत बसलंच नाही तर पंधरा दिवसांत नवीन सॉफ्टवेअर कुठून आणणार आणि स्टॉक कसा भरणार. शिवाय चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढं आहे. सपोर्टचा प्रश्न खरा आहे, तो दिवाळीत बघू, मृगात नाही.

दुधनाकाठ, काहीही करायच्या आधी सिस्टिम रिस्टोअर चालू होतं का बघा, परवाचा पॉइंट मिळाला तर एका झटक्यात मागं जाता येतं. आणि बिलिंग चालू झालं की पहिलं काम त्याच्यातच असलेल्या बॅकअपच्या बटणानं बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवणं. नुसती डेटाबेसची फाईल ओढून कॉपी करू नका, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मागं डेटाबेसची सर्व्हिस चालू असते, ती असताना फाईल कॉपीच होत नाही.

दुधनाकाठ:
चालू झालं!! रिस्टोअर बंदच होतं त्यामुळं ते नाही जमलं. पण दोन्ही डीएलएल काढल्या, २०१० चे दोन्ही बसवले, रीस्टार्ट केलं आणि पहिल्याच झटक्यात उघडलं. वडिलांना दुकानात जाऊन सांगितलं तर त्यांनी आधी कालचा स्टॉक काढून बघितला, बरोबर आहे म्हणाले आणि मग चहा सांगितला. बिलाची प्रिंट मात्र अडकली होती, तिथं १२० नंबरवाली फाईल मागत होतं, तुम्ही म्हणला होता तसंच. २०१३ चं एक्स८६ टाकलं, प्रिंट आली. बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घेतला, एक घरी ठेवलाय. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. उदगीरवाले सर, तुमचे उपकार विसरणार नाही.

आता भीती अशी बसलीय की पायथनला हात लावू का नको. पण जूनअखेर प्रोजेक्टचा पहिला भाग द्यायचाय. बिलिंगला धक्का न लावता पायथन बसवता येईल का? आणि ते व्हिज्युअल सी १४ तर मी टाकलं होतं, मग पिप अजून तेच का मागायलंय?

मांजराकाठ:
बसवता येतं आणि बिलिंगला काडीचाही धक्का लागत नाही, फक्त पद्धत नीट पाहिजे. मी लातूरला डेटाचं काम करतो, माझ्या मशीनवर पायथनचे चार व्हर्जन सुखानं नांदायलेत.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. नाव सारखं आहे म्हणून फसगत झाली. तुम्ही जे बसवलं ते तयार प्रोग्राम चालवायचं रनटाइम. पिप मागत होतं ते प्रोग्राम तयार करायचं कंपायलर, त्याला बिल्ड टूल्स म्हणतात, एररची पुढची ओळ वाचली असती तर तिथं तेच नाव होतं. पिठाची गरज भाकरी खायला नाही, भाकरी करायला लागते, तेवढा फरक. पण ते टूल्स टाकायच्या नादी लागू नका, कित्येक जीबीचं धूड आहे आणि तुम्हाला त्याची गरजच नाही.

खरं कारण वेगळं आहे. पांडाजसारखी पॅकेजेस आतून सीमध्ये लिहिलेली असतात, ती बनवणारे लोक प्रत्येक पायथन व्हर्जनसाठी तयार करून ठेवतात, त्या तयार पुडक्याला व्हील म्हणतात. पांडाज १.५.३ जानेवारी २०२३ चं आहे, त्याचे व्हील पायथन ३.८ ते ३.११ पर्यंतच आहेत. तुम्ही टाकलं ३.१३, पिपला तयार व्हील सापडलं नाही म्हणून ते तुमच्याच मशीनवर बनवायला बसलं, अर्धा तास काहीतरी करत होतं म्हणला ना, ते हेच, आणि कंपायलर नाही म्हणून रडलं. म्हणजे उपाय कंपायलर नव्हे, उपाय पायथन ३.११. नवीन ते चांगलं हे मोबाईलला ठीक, इथं सरांची यादी ज्या व्हर्जनवर चालली तेच व्हर्जन घ्यायचं. ३.११.९ घ्या, त्याच्या पुढच्या ३.११ ला विंडोजचा तयार इन्स्टॉलर निघालेला नाही, लोक शोधत बसतात.

आणखी एक, सरांच्या यादीत नमपायचं, म्हणजे पांडाज ज्याच्यावर उभं आहे त्या पॅकेजचं, व्हर्जन लिहिलंय का बघा. नसेल तर पिप आपलं नवीनातलं नवीन म्हणजे २ च्या पुढचं आणतं आणि जुनं पांडाज त्याच्यासोबत चालत नाही, डीटाइप साइझ चेंज्ड असा काहीतरी एरर येतो. यादीत नमपाय १.२६.४ लिहून टाका.

आता पद्धत. ३.१३ काढायची गरज नाही, राहू द्या. ३.११.९ टाकताना सगळ्यात खाली पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घालायचा चौकोन असतो, तो टिक करू नका. हो, सगळे व्हिडिओवाले टिक करा म्हणतात, पण ते एकच पायथन असणाऱ्यांसाठी. तुम्ही विंडोजचा पी-वाय नावाचा लाँचर वापरा. कमांड प्रॉम्प्टला पी-वाय, स्पेस, हायफन शून्य दिलं की मशीनवर कोणकोणते पायथन आहेत ती यादी येते. मग सी ड्राइव्हवर प्रोजेक्ट नावाचा फोल्डर करा, त्यात जाऊन पी-वाय, स्पेस, हायफन ३.११, स्पेस, हायफन एम, स्पेस, व्ही-ई-एन-व्ही, स्पेस आणि फोल्डरचं नाव, पाऊस म्हणायचं असलं तरी इंग्रजी अक्षरांत द्या. झालं तुमचं वेगळं घर तयार. त्या फोल्डरात स्क्रिप्ट्स नावाचा फोल्डर असतो, त्यातलं ॲक्टिव्हेट चालवलं की ओळीच्या सुरुवातीला कंसात त्या घराचं नाव दिसतं. ते नाव दिसत असेल तरच पिप चालवायचं, नाहीतर नाही. पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेट करताना स्क्रिप्ट चालवायची परवानगी नाही म्हणून अडवतं, साधं कमांड प्रॉम्प्ट वापरा, तिथं ती कटकट नाही.

आपल्याकडं सामाईक विहीर असते ना, चार भावांत, एकानं मोटर बदलली की बाकी तिघांचं पाणी हलतं. मशीनवर सगळ्यांसाठी बसवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे ती सामाईक विहीर. हे वेगळं घर म्हणजे तुमच्या वावरातला तुमचा बोअर, बिघडला तर फोल्डर डिलीट करा आणि नवीन करा, दुसऱ्या कुणाला पत्ताही लागत नाही. फक्त तो फोल्डर एकदा केला की तिथून हलवू नका, आत पूर्ण पाथ लिहिलेले असतात, हलवला की मोडतो. दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर फोल्डर नाही, पॅकेजेसची यादी न्यायची.

दुधनाकाठ:
दादा, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका, मी नुसतं पायथन टाइप केलं की कधी कधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं, ते कशामुळं? आणि विंडोजचं युजरनेम मराठीत आहे, दुकानाच्या नावाचं, मध्ये स्पेसपण आहे. त्यानं काही होतं का?

मांजराकाठ:
स्टोअर उघडतं ते विंडोजनं मुद्दाम ठेवलेल्या एका खोट्या पायथनमुळं. सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये ॲप एक्झिक्युशन एलियासेस म्हणून पान आहे, तिथं पायथन आणि पायथन३ समोरची दोन्ही बटणं बंद करा. युजरनेम मराठी असल्यानं स्वतः पायथनला अडचण नाही, पण काही पॅकेजेस आणि काही जुनी टूल्स त्या पाथवर अडखळतात आणि एरर असा देतात की माणसाला मूळ कारण सापडतच नाही. म्हणूनच मी प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर सरळ ठेवायला सांगितलं, डेस्कटॉपवर नाही. युजरनेम मात्र आता बदलू नका, नाव बदललं तरी आतला फोल्डर तोच राहतो.

विष्णुपुरी_नांदेड:
बहिणीच्या जावाचं कुणी घेतलं नाही म्हणून मी लिहितो. ताईला नेमकं काय दिसूलालंय?

दुधनाकाठ:
ती म्हणते एडिटरमध्ये प्रोग्राम चालतो, पण कमांड प्रॉम्प्टवर चालवला की अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर. त्यात ६१.० आणि ५२.० असे दोन आकडे आहेत. कॉलेजात कमांड प्रॉम्प्टवरच चालवून दाखवावं लागतं.

विष्णुपुरी_नांदेड:
त्या दोन आकड्यांतच सगळं उत्तर आहे. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. एडिटरसोबत जावा १७ आलेलं आहे, त्यानं प्रोग्राम १७ साठी तयार केला. कमांड प्रॉम्प्टवर मात्र काकांचं जावा ८ उचललं जातंय, ते म्हणतंय मला ५२ पर्यंतचंच वाचता येतं. नवीन जावा जुना प्रोग्राम चालवतो, जुना जावा नवीन प्रोग्राम चालवत नाही.

कुठला जावा उचलला जातो हे बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टला व्हेअर जावा टाइप करा, जेवढे असतील तेवढे खालीवर दिसतात, सगळ्यात वरचा चालतो. पॉवरशेलमध्ये व्हेअरचा अर्थ वेगळा होतो, तिथं व्हेअर डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहावं लागतं.

जावा ८ काढू नका, टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी काकांचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन ओळखेना गेलं तर फार वाईट होईल. सिस्टिमचा पाथही हलवू नका, मांजराकाठ म्हणाले तसं सामाईक विहिरीला हात नको. ॲडॉप्टियमच्या साइटवर टेम्युरिन म्हणून ओपन जेडीके मिळतं, फुकट आहे. त्यातलं १७ चं जेडीके घ्या, इन्स्टॉलर नको, झिप घ्या. जेआरई घेऊ नका बरं, त्यात नुसतं चालवायचं सामान असतं, ताईला कंपाइल करायला जावासी लागतं ते जेडीकेतच असतं. झिप सी ड्राइव्हवर जेडीके१७ नावाच्या फोल्डरात उघडा. मग नोटपॅडमध्ये दोन ओळींची बॅच फाईल, म्हणजे आतल्या कमांड ओळीनं चालवणारी फाईल, करा. पहिल्या ओळीत सेट, स्पेस, पाथ, बरोबरचं चिन्ह, मग सी ड्राइव्हच्या जेडीके१७ मधल्या बिन फोल्डरचा पाथ, अर्धविराम, आणि शेवटी दोन टक्केचिन्हांच्या मध्ये पाथ हा शब्द. दुसऱ्या ओळीत सीएमडी. झिप उघडल्यावर आत अजून एक फोल्डर असतो, बिन त्याच्या आत असतं, पाथ देताना ते बघून द्या, इथंच निम्म्या लोकांचं चुकतं. ती फाईल ताईच्या नावानं डेस्कटॉपवर ठेवा. ताईनं तिच्यावर डबल क्लिक करून उघडलेल्या खिडकीत जावा १७, बाकी सगळ्या मशीनवर जावा ८ जसंच्या तसं.

सेवा_जालना:
हे मला माहीत नव्हतं, चांगलं आहे. माझ्याकडं अशी दोन जावावाली मशीन येतात तेव्हा मी जुनं काढूनच टाकत होतो आणि मग लोक परत यायचे. फॉर्मॅटचं माझं म्हणणंही मागं घेतो, तुमच्या दुकानाची परिस्थिती मी नीट वाचली नव्हती.

बालाघाट_ताई:
मी अंबाजोगाईला सेवा केंद्र चालवते, सात वर्षं झाली. तुमचं निम्मं काम झालंय, एक-दोन गोष्टी माझ्या अनुभवाच्या सांगते कारण तुमच्याकडंही लाइटीची तीच रड असणार.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली की अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर काढायला जास्त त्रास होतो. म्हणून नेटवरून थेट बसवत जाऊ नका, आधी सगळे इन्स्टॉलर एका फोल्डरात उतरवून घ्या आणि इन्व्हर्टर भरलेला असताना बसवा. पायथनच्या पॅकेजेसचंही तसं करता येतं, पिपला इन्स्टॉलऐवजी डाउनलोड म्हणा, हायफन आर देऊन यादीची फाईल द्या आणि हायफन डी देऊन फोल्डर, सगळे व्हील तिथं जमा होतात. नंतर बसवताना दोन हायफन नो-इंडेक्स आणि दोन हायफन फाइंड-लिंक्स देऊन तो फोल्डर दाखवा, नेट नसलं तरी बसतं. पण उतरवताना पायथनचं व्हर्जन तेच पाहिजे, ३.११ ला उतरवलेलं ३.१३ ला चालत नाही. मित्राकडं चांगलं नेट असेल तर तिथून पेनड्राइव्हवर आणता येतं.

बिलिंगला उद्या डॉटनेट ३.५, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं अजून एक रनटाइम, मागायची वेळ आली तर तेही लक्षात ठेवा. ते विंडोज १० मध्ये विंडोज फीचर्समधून चालू करायचं असतं आणि ते नेटवरूनच ओढतं, लागणाऱ्या फाइल्स सापडल्या नाहीत की ८००एफ०८१एफ असा एरर देतं. विंडोजच्या आयएसओमध्ये, म्हणजे इन्स्टॉल डिस्कच्या फाईलमध्ये, सोर्सेसच्या आत एसएक्सएस फोल्डर असतो, डिझम कमांडला तो दाखवला की नेटशिवाय चालू होतं. मात्र आयएसओ तुमच्याच विंडोज व्हर्जनचा पाहिजे. डॉटनेट ४.८ आहे म्हणून ३.५ चं काम भागत नाही, ४.८ आहे तिथं राहू द्यायचं आणि ३.५ वेगळं चालू करायचं.

आणि भाऊ, एक वही करा. मी केली आहे, लाल पुठ्ठ्याची, मशीनशेजारीच असते. कोणत्या तारखेला काय बसवलं, कोणतं व्हर्जन, बत्तीस का चौसष्ट, कुणासाठी. तुमच्याकडं तिघा-चौघांचं काम एका मशीनवर आहे, ज्यानं बसवलं तो हजर नसतो आणि दुसरा बघून म्हणतो हे कशाला ठेवलंय. परवा तुमच्या हातून तेच झालं ना, २०१० कुणासाठी होतं हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तुमच्या वडिलांना तुमच्याइतकं ह्यातलं कळत नसेल, पण त्यांना दुकानाचं रजिस्टर ठेवायची सवय आहे, ही वही ते तुमच्यापेक्षा नीट ठेवतील.

दुधनाकाठ:
ताई, वही खरंच वडिलांनीच केली. खतांच्या कंपनीची जुनी डायरी होती, त्यात त्यांनी रकाने आखले आणि पहिली एंट्री व्हिज्युअल सी २०१०, एक्स८६, बिलिंगसाठी, काढायचे नाही, अशी स्वतःच्या अक्षरात लिहिली. काकांचं जावा ८ दुसऱ्या नंबरला.

बहिणीचं झालं. बिनचा पाथ पहिल्यांदा चुकलाच होता, आतला फोल्डर राहिला होता, मग दुरुस्त केला. तिनं व्हेअर जावा करून बघितलं तर १७ वर आणि ८ खाली. काकांनाही बोलवून टोकन लावून बघितलं, त्यांचं जसंच्या तसं चालतंय.

माझंही ३.११ चं वेगळं घर झालं, पांडाज दोन मिनिटांत बसलं, कंपायलर-बिंपायलर काही मागितलं नाही. दहा वर्षांची फाईल वाचून मंडळनिहाय अतिवृष्टीचे दिवस निघाले. आता शेवटचं एक अडलंय. निकाल सीएसव्हीत काढला, पायथनमध्ये मंडळांची नावं मराठीत नीट दिसतात पण सरांसाठी एक्सेलमध्ये उघडलं की नावांच्या जागी वेडीवाकडी अक्षरं येतात. हाही रनटाइमचाच घोळ आहे का?

मांजराकाठ:
नाही, हा एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये कोणत्या आकड्यांत साठवली त्याचा. पांडाज यूटीएफ-८ मध्ये लिहितं पण फाईलच्या सुरुवातीला तशी खूण ठेवत नाही, आणि डबल क्लिकनं उघडलं की एक्सेल त्या खुणेवरूनच ओळखतं. टू-सीएसव्हीमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं द्या, सिग म्हणजे तीच खूण. बाकी काही बदलू नका.

दुधनाकाठ:
आली. मानवत, केकरजवळा, कोल्हा, सगळी नावं नीट आली. सरांना आत्ताच मेल केली.